लेपाआधी सांधे तपासा, आणि कर्जाचा हिशेब मांडा

आपल्या पत्राचा सारांश असा आहे: तीन वर्षांपूर्वी आपण ९ टक्के व्याजाच्या, १५ वर्षांच्या कर्जावर मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतले. आता पुढच्या पलंगाच्या वर छताला पिवळसर डाग पडला आहे आणि विक्रेता संपूर्ण छपरावर ‘आयुष्यभराच्या हमीचा’ लेप सुचवतो आहे, ज्याचा खर्च मूळ कर्जाच्या ८ टक्के आहे. तो बचतीतून द्यावा की कर्ज वाढवून, एवढेच आपण विचारले आहे. मात्र कर्जातच घातलेल्या विस्तारित वॉरंटी कराराच्या (म्हणजे जादा पैसे भरून घेतलेल्या दुरुस्तीच्या हमीच्या) भरवशावर आपण छपरावर कधी चढून पाहिले नाही, आणि दोन वर्षांनी गाडी विकून येणारी रक्कम निवृत्तीच्या तरतुदीत धरली आहे, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. मला खरी काळजी या दोन गोष्टींची वाटते.

लेपासाठी तूर्त बचतही मोडू नका आणि कर्जही वाढवू नका. असे छप्पर सपाट भागात क्वचितच गळते. ते गळते पुढच्या-मागच्या टोकांना, जिथे रबराचे आवरण संपते तिथे, कडेच्या पट्टीखाली, आणि झरोके, एसी, अँटेना व शिडीच्या स्क्रूंभोवती. तेथील सीलंट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यांत भरलेला चिकट पदार्थ, उन्हाने कडक होते, प्रवासातल्या हादऱ्यांनी त्याला केसाएवढ्या भेगा पडतात, आणि नखाने त्याची कड उचलून पाहिली तर ती सहज सुटते. अशा सांध्यातून आधीच ओल्या झालेल्या प्लायवुडवर लेप चढवला, तर ओल आत कोंडते आणि लाकूड कुजत राहते. डागाच्या नेमके वर छिद्र असेलच असे नाही, कारण पाणी आतून वाहत जाऊन दूर कुठेतरी उतरते. म्हणून लेप विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाकडून तरी दाबचाचणी करून घ्या. त्यात गाडीच्या आत पंख्याने हवेचा दाब वाढवून बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारतात, आणि जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. नंतर सुटलेले सीलंट काढून जागा स्वच्छ व कोरडी करावी, आडव्या सांध्यांवर आपोआप सपाट पसरणारे आणि उभ्या सांध्यांवर न ओघळणारे सीलंट भरावे. सिलिकॉन मात्र भरू देऊ नका, कारण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी त्यावर दुसरे काहीच नीट चिकटत नाही. लाकूड शाबूत असेल, तर हे काम लेपाच्या खर्चाच्या छोट्याशा भागात होते.

आता वॉरंटी कराराकडे वळू. मूळ कर्ज १०० धरले, तर आपण लिहिल्याप्रमाणे त्यातले ६ या कराराचे आहेत, आणि १५ वर्षांच्या व्याजासह त्याचे सुमारे ११ होतात. असे करार बहुधा सीलंट, गळती आणि देखभालीअभावी झालेले नुकसान वगळतात, म्हणजे ज्या भीतीने आपण तो घेतला, नेमकी तीच त्यात बसत नाही. हे न सांगता करार विकणे मला अक्षम्य वाटते. आपल्या करारातील वगळणुकीचे कलम आजच वाचा आणि मुदतीपूर्वी रद्द केल्यास उरलेल्या काळाचे पैसे परत मिळण्याची तरतूद आहे का ते पाहा. परतावा मिळाल्यास तो कर्जाच्या मुद्दलात जाऊ द्या.

निवृत्तीचे गणित त्याहून गंभीर आहे. तीन वर्षे हप्ते भरूनही १०० पैकी सुमारे ८९ अजून बाकी आहेत, आणि दोन वर्षांनी ८० बाकी असतील. आपण गाडीचे ९० येतील असे धरले आहे. तेवढे आले तरी हाती १० उरतात, आणि वापरलेल्या, त्यातही पाणी मुरलेल्या गाडीला ९० मिळण्याची आशा धरणे मला अजिबात पटत नाही. ६० आले, तर विकण्यासाठी आपल्यालाच खिशातून २० भरावे लागतील. ही रक्कम निवृत्तीच्या हिशेबातून आजच काढून टाका.

लेपासाठी ठरवलेले ८ चाचणीचा निकाल येईपर्यंत हलवू नका, कारण प्लायवुड कुजलेले निघाले तर ते तिथेच लागतील. लाकूड शाबूत निघाले, तर दुरुस्तीचा खर्च वजा करून उरलेले मुद्दलात भरा, म्हणजे दोन वर्षांनी बाकी ८० ऐवजी ७१ च्या आसपास येईल. त्यानंतर दर तीन महिन्यांनी सांधे पाहून तारखेसह छायाचित्रे ठेवा. गाडी विकताना खरेदीदार छपराबद्दल विचारेलच, आणि त्या वेळी दाखवायला आपल्याकडे हाच पुरावा असेल.