पेशंट 'हो हो' म्हणतो आणि घरी काहीच करत नाही: इंदूरच्या डेंटल क्लिनिकमधून आलेले प्रश्न

प्रश्न: राजवाड्याजवळ माझं क्लिनिक आहे. एक पेशंट, पस्तिशीचे, कपड्याचं दुकान, दिवसभर तोंडात पान मसाल्याचा पाउच. तोंड नीट उघडत नाही, गालाला आतून पांढरे पट्टे आलेत. मी कॅन्सरचे फोटो दाखवले, बायकोसमोर चांगलं खडसावलं. "हां डॉक्टर साब, छोड़ दूँगा" म्हणाले आणि नंतर आलेच नाहीत.

बायकोसमोर बोलणी खाल्ली की माणूस हो म्हणून सुटका करून घेतो, आणि परत यायची त्याला लाज वाटते. आधी त्यांना फोन करा, स्वतः करा, रिसेप्शनवर सोपवू नका, कारण ते पट्टे तपासायचे राहिलेत आणि ते थांबू शकत नाहीत.

आले की एकटे असताना विचारा, "पाउच खाऊन बरं काय वाटतं?" हा प्रश्न उलटा वाटेल पण विचाराच, दुकानात ग्राहक नसताना वेळ जातो, झोप येत नाही असं काहीतरी कळेल आणि सोडताना अडचण कुठे येणार तेही त्यातच असतं. मग विचारा, "आणि खटकतं काय?" मग ० ते १० मध्ये सोडणं किती महत्त्वाचं वाटतं ते विचारा. ते ४ म्हणाले तर "चारच का" असं म्हणू नका, "शून्य का नाही म्हणालात?" असं विचारा, म्हणजे पाणीपुरी तोंडात जात नाही, तिखट लागतं, मुलगी टोकते, ही कारणं ते स्वतःच सांगायला लागतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या व्यसनावर काम करताना १९८३ मध्ये ही पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली, मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. गाभा एवढाच की आपण "सोडा सोडा" म्हणत राहिलो की समोरचा "पण" शोधत राहतो, म्हणून बदलायचं कारण त्याच्या तोंडून यायला हवं.

माहिती मात्र लपवायची नाही, फक्त आधी विचारायचं, "या पट्ट्यांबद्दल थोडं सांगू का?" आपल्याकडे मध्य प्रदेशात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तेव्हापासून पान मसाला आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकत घेऊन लोक मिसळतात, आणि जो तंबाखू घालत नाही त्याला वाटतं आपलं काय, साधी सुपारी तर आहे. तोंड आखडतं ते सुपारीनंच, आणि नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच स्पष्ट केलंय. हे शांत आवाजात, सरळ सांगा. तोंड किती उघडतं ते प्रत्येक वेळी मिलिमीटरमध्ये मोजून त्यांनाच दाखवा. सोडायला तयार झाले तर १८००-११-२३५६ ही सरकारी क्विटलाइन फुकट आहे, तुमच्यासमोरच पहिला फोन लावून द्या.

प्रश्न: मी ज्युनिअर डॉक्टर आहे. मॉडेलवर ब्रश करून दाखवते, सगळे "समझ गया" म्हणतात, सहा महिन्यांनी हिरड्या तशाच. काही जण तर रक्त येतं म्हणून ब्रशच बंद करतात.

मॉडेल बाजूला ठेव आणि पेशंटच्या हातात आरसा अन् ब्रश दे. त्याला करू दे, तू बघ. "समजलं का?" विचारलं की कोणीही हो म्हणेल, त्यापेक्षा "घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?" असं विचार.

रक्ताबद्दल सांगायला तुझ्याकडे भक्कम गोष्ट आहे. १९६५ मध्ये दंतवैद्यक संशोधक हॅराल्ड लोए यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात साफ करणं थांबवायला सांगितलं, दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि साफसफाई पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. म्हणजे दातांवरचा कीट आधी काढून दिलास आणि आजार हाडापर्यंत पोचलेला नसेल तर "रक्त आलं तरी हलक्या हातानं करत राहा, आठवड्याभरात फरक जाणवेल" असं तू खात्रीनं सांगू शकतेस. आणि एका वेळी एकच सवय! ब्रश, फ्लॉस, जीभ, गुळण्या सगळं एकदम सांगितलं तर घरी एकही टिकत नाही. वेळ पण त्यालाच ठरवू दे, "रात्री गेटला कुलूप लावलं की ब्रश" असं त्याच्या रोजच्या कामाला जोडलेलं लक्षात राहतं, सराफ्यातून रात्री खाऊन-पिऊन उशिरा आला तरी कुलूप तर लावतोच ना.

प्रश्न: मी असिस्टंट आहे, डिग्री नाही. डॉक्टर बाहेर गेले की काकू लोक मलाच विचारतात. बोलू का?

बोला, नक्की बोला. दुखण्याची भीती, पैशाची अडचण, हे डॉक्टरांना न सांगता तुम्हालाच सांगतात. ऐकून घ्या, त्यांना विचारून डॉक्टरांच्या कानावर घाला. निदान आणि औषध तेवढं डॉक्टरांवर सोडा.

प्रश्न: चार वर्षांच्या मुलाचे पुढचे दात किडलेत. आई म्हणते आजी दिवसभर बिस्किटं देते. आजीसमोर कसं बोलायचं?

आईची बाजू घेऊन आजीला सुनावलंत तर घरी भांडण होईल आणि बिस्किटं लपून सुरू राहतील. आजींना खुर्ची द्या, आधी त्यांनाच विचारा की बाळ दिवसभर काय काय खातं, त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. मग सांगा की गोड खाल्लं की तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निवळायला अर्धा ते एक तास लागतो, म्हणून सगळी बिस्किटं एकदाच देण्यापेक्षा एक-एक करून दहा वेळा दिलेलं जास्त वाईट. "आजी, हे जेवणाबरोबरच द्यायचं झालं तर कसं जमेल?" उपाय आजींनाच काढू द्या. मधल्या भुकेला फुटाणे नकोत, लहान मुलाच्या घशात अडकू शकतात, पोहे, पोळी-भाजी चालेल. रात्रीचा ब्रश मोठ्यांनी करून द्यायचा, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी.

प्रश्न: टीमला सांगितलं की पेशंटला रागवायचं नाही. मीटिंगमध्ये सगळे "जी सर", काउंटरवर मात्र तेच, "फिर लेट आए आप?"

तुम्ही टीमला जसं सांगितलंत तसंच टीम पेशंटला सांगतेय. पुढच्या मीटिंगमध्ये तुम्ही कमी बोला. रिसेप्शनवरच्या ताईंना विचारा की उशिरा येणाऱ्यामुळे त्यांना काय काय भोगावं लागतं, कारण बाकीचे वाट बघणारे त्यांच्यावरच ओरडतात आणि त्यावर तुम्ही काही व्यवस्था केलेली नसते. अपॉइंटमेंटमध्ये थोडी मोकळी जागा ठेवा, मग "आलात बरं झालं, दहा मिनिटं बसावं लागेल" हे वाक्य त्यांनाच ठरवू द्या. आणि त्यांनी ते म्हटलेलं ऐकलंत की त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, छान बोललात म्हणून सांगा.