‘बिल निघालं का देतो’ म्हटल्यानं मुदत थांबत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पेटी ठेकेदाराचं पत्र समोर आहे. जलजीवन मिशनच्या नळयोजनेत चार गावांत मिळून १२,००० मीटर नाली खोदायची, पाइप टाकायचा आणि बुजवायची, असं काम त्यांनी मुख्य ठेकेदाराकडून ९५ रुपये मीटरनं घेतलं. पाइप मुख्य ठेकेदाराचे; मजूर, जेसीबी आणि डिझेल पेटी ठेकेदाराचं. लिहिलेलं काहीच नाही. २० मे २०२३ ला शेवटच्या गावातली नाली बुजली. ११ लाख ४० हजारांपैकी ४ लाख मिळाले: काम चालू असताना रोख अडीच लाख, ९ नोव्हेंबर २०२३ च्या चेकनं १ लाख आणि २०२४ च्या पोळ्याला हातात ५० हजार. बाकी ७ लाख ४० हजार. मजुरांचे पैसे द्यायला घरातलं सोनं गहाण ठेवलं. मागायला गेलं की मुख्य ठेकेदार सांगतो, सरकारकडून बिल निघालं की देतो. पत्रलेखक लिहितात, ‘‘दर बारीला एकच म्हणतात, बिल निघालं का देतो. कागद नसल्यावर केस होते का, वकीलसाहेब?’’

होते, भाऊ. तोंडी करारही करारच असतो. त्यावर जास्त शब्द घालवत नाही. असाच प्रश्न मला वर्धा, वाशीम, चंद्रपूरकडून सारखा येतो आणि प्रत्येकाला भीती कागदाची असते. मी मात्र तुमच्या पत्रात आधी तारीख शोधली. ती चौथ्या पानावर, जवळपास शेवटी सापडली. तुमचं सगळं प्रकरण त्या तारखेवर उभं आहे.

मुदत कायदा १९६३ च्या परिशिष्टातल्या अनुच्छेद १८ प्रमाणे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलेल्या कामाचा मोबदला कधी द्यायचा हे ठरलेलं नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. २० मे २०२३ पासून तीन वर्षं म्हणजे २० मे २०२६. आजपासून जेमतेम तीन महिने. ती तारीख उलटली की तुमचे पैसे खरे असूनही न्यायालय दावा फेटाळतं. समोरच्यानं मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायालयाला तो बघावाच लागतो. आणि ‘उशीर माफ करा’ असा अर्ज दाव्याला चालत नाही. कलम ५ ची ती सवलत अपिलांना आणि काही अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. हे माहीत नसल्यामुळे किती जण तीन वर्षं आणि दोन महिन्यांनी माझ्याकडे येतात! त्यांना परत पाठवताना माझा जीव तुटतो.

आता ते वाक्य. ‘बिल निघालं का देतो’ हे तुम्ही पत्रात पाच वेळा लिहिलं, पण ते पहिल्यांदा केव्हा बोललं गेलं हे एकदाही लिहिलं नाही. मला नेमकं तेच हवं आहे. ९५ रुपये भाव ठरला त्या बैठकीत ते बोलले होते, की काम संपल्यावर तुम्ही पैसे मागायला गेलात तेव्हा? भाव ठरतानाच बोलले असतील, तर ती कराराची अट झाली असं ते म्हणू शकतात. मग बिल निघेपर्यंत पैसे देणंच लागत नाही, हा त्यांचा बचाव. उलट तुमचा वकील म्हणेल की मग मुदतही बिल निघाल्यापासूनच मोजा. नंतर बोलले असतील, तर ती नुसती टाळाटाळ. पैसे काम झाल्या दिवसापासूनच देणं लागतात, आणि मुदतही त्याच दिवसापासून चालू आहे. एकाच वाक्यानं तुमचं भलं होऊ शकतं आणि नुकसानही. जे खरं असेल तेच सांगा. तुमच्यासोबत त्या बैठकीला जो होता त्यालाही आठवून विचारा. पण नोटीस लिहिताना ‘बिल निघाल्यावर द्यायचं ठरलं होतं’ असं सवयीनं लिहून टाकू नका. तसं ठरलंच नसेल तर तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांचा बचाव लिहून द्याल.

चेकचं काय? मुदत कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं काही रक्कम दिली आणि ती दिल्याची नोंद त्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी असली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. चेकवर सही असते. म्हणजे ९ नोव्हेंबर २०२३ चा चेक याच कामापोटी होता असं सिद्ध झालं, तर मुदत ९ नोव्हेंबर २०२६ पर्यंत जाते. पण तुम्हीच लिहिता की त्याच वर्षी तुम्ही त्यांच्या घराच्या कंपाउंडचंही काम केलं. तो चेक कंपाउंडचा होता, असं ते म्हणणार. मी त्यांचा वकील असतो तर पहिला मुद्दा हाच घेतला असता. म्हणून चेकवर विसंबू नका. तो हाताशी राहू द्या, पण पावलं मेची तारीख धरून टाका.

आणि पोळ्याचे ५० हजार. २ सप्टेंबर २०२४ ला ते हातात घेताना दोन ओळींची चिठ्ठी लिहून सही घेतली असती, ‘पाइपलाइन कामापोटी ५० हजार दिले, बाकी ७ लाख ४० हजार’ एवढीच, तर तुमची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत गेली असती. तुम्ही लिहिता, ‘‘सणाच्या दिवशी कागद मागणं बरं दिसत नाही.’’ भाऊ, याचा मला राग येतो. एक कोरा कागद मागायला तुम्ही लाजलात आणि त्याची किंमत घरच्या बाईच्या सोन्यानं मोजता आहात.

ती चिठ्ठी अजूनही घेता येते. मुदत संपायच्या आत त्यांनी सही करून बाकी कबूल केली, तर त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीचा उपयोग नाही. तेव्हा पैसे देण्याचं स्पष्ट लेखी वचनच लागतं, आणि ते कोणी सहसा देत नाही. तेव्हा एकदा जाऊन मागा. नाही म्हणाले तर पुन्हा पायऱ्या झिजवू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा आवाजातला निरोप आहे म्हणता, ‘तुमचे सात चाळीस पहिले देतो’. हा पुरावा म्हणून सोन्यासारखा आहे, कारण त्यात आकडा आहे. पण आवाजावर सही नसते, त्यामुळे मुदत वाढवायला तो पुरेल असं मी सांगणार नाही. तो फोन विकू नका, बदलू नका, निरोप पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र त्यासोबत जोडावं लागेल. वकिलाला ते पहिल्या भेटीतच सांगा.

आता न्यायालयाचं. रक्कम ३ लाखांच्या वर आणि काम बांधकामाचं, त्यामुळे हा वाद बहुधा व्यावसायिक न्यायालय कायदा २०१५ खाली येईल. तसं असेल तर कलम १२अ प्रमाणे तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसल्यास दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे पक्कं केलं. मध्यस्थी टाळून थेट दावा लावला तर तो दारातच परत येतो, आणि तोवर मे उजाडलेला असतो. मध्यस्थीचा अर्ज यवतमाळला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. त्यात गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. पण समजा, उद्या न्यायालयानं ठरवलं की हा व्यावसायिक वाद नव्हताच, तर ही वजावटही वादात सापडेल. म्हणून अर्ज याच महिन्यात करा. समोरचा आला नाही तर प्राधिकरण तसा अहवाल देतं, आणि तो घेऊन २० मेच्या आत दावा लावायला वेळ उरतो. मे महिन्यात उन्हाळी सुट्टी असते. मुदत सुट्टीत संपली तर न्यायालय उघडल्या दिवशी दावा लावता येतो हे खरं आहे, पण त्या एका दिवसावर साडेसात लाख टांगू नका.

मध्यस्थीला नुसता सोपस्कार समजू नका. आपल्याकडे वसुलीचा दावा किती वर्षं चालतो हे तुम्ही गावातल्या धुऱ्याच्या भांडणांवरून ओळखून आहात. हुकूमनामा झाला तरी दरखास्तीची, म्हणजे तो अमलात आणण्याची, दुसरी लढाई उरतेच. मध्यस्थीत झालेली लेखी तडजोड मात्र लवादाच्या निवाड्यासारखी अमलात आणता येते. ६ लाखांवर तीन हप्त्यांत मिटत असेल तर मी तुमच्या जागी विचार केला असता. तो निर्णय तुमचा.

स्पीड पोस्टानं, नोंदणी करून नोटीस पाठवा, पण एक समजून घ्या: नोटिशीनं मुदत एक दिवसही वाढत नाही. तिचा फायदा व्याजाचा. लेखी करार नसताना, अमुक तारखेपासून व्याज मागणार असं नोटिशीत लिहिलं असेल, तरच त्या तारखेपासून व्याज मागायला व्याज कायदा १९७८ चा आधार मिळतो. ती ओळ नोटिशीत असलीच पाहिजे.

त्यांची सबब पूर्ण खोटी आहे असं मी म्हणत नाही. जलजीवनची देयकं राज्यभर थकली आहेत, हे खरं आहे. पण तुमच्या चार गावांचं बिल निघालं की नाही, हे त्यांच्या तोंडून कशाला ऐकायचं? जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर द्यायचा नियम. त्या चार गावांच्या मोजमाप पुस्तिकेच्या आणि दिलेल्या प्रत्येक चालू देयकाच्या प्रती मागा. किती मीटर नाली झाली, कोणत्या तारखेला मोजली आणि ठेकेदाराला किती पैसे गेले, हे त्यात दिसेल. बिल निघालेलं असलं तर सबब तिथंच संपली. उत्तर लांबलं तर वाट बघत बसू नका, मध्यस्थीचा अर्ज त्याच्यावर अडवायचा नाही. आणि जिल्हा परिषदेवर दावा करायच्या फंदात पडू नका. तिचा करार मुख्य ठेकेदाराशी आहे, तुमच्याशी नाही.

आणखी एक कागद तुमच्याच नावावर पडून असेल. तुमच्या पॅनचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, उघडून बघा. त्या वर्षी ठेकेदारानं आयकर कायद्याच्या कलम १९४सी खाली कर कापून भरला असेल, तर त्याच्या नावासह ती नोंद तिथं दिसेल. मग ‘हा माणूस माझा पेटी ठेकेदार नव्हताच’ असं म्हणणं त्याला जड जाईल. हजेरीची वही, डिझेलच्या पावत्या, जेसीबीवाल्याचं भाड्याचं बिल आणि पाइप उतरवून घेतल्याच्या चलनावरची तुमची सही, हे सगळं एका पिशवीत भरा. चारही गावांतला एकेक मजूर आणि शक्यतो सरपंच साक्षीला बोलतील का, ते आत्ताच विचारून ठेवा. चार गावांचं काम एकाच बैठकीत ठरलं, की एकेक गाव वेगळं, हेही साक्षीदारांकडून पक्कं करा. वेगळं ठरलं असेल तर जानेवारीत संपलेल्या पहिल्या गावाची मुदत उलटून गेली असेल, आणि तेवढ्यापुरता तुम्हाला चेकचाच आधार घ्यावा लागेल.

पोलिसांत जाऊ का, असं विचारता. ठेकेदाराच्या मनात सुरुवातीपासूनच फसवायचं होतं असं दिसल्याशिवाय ठाण्यात ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील, आणि तक्रारीत गेलेले महिने मुदतीतून वजा होत नाहीत. त्यांचा ट्रॅक्टर ओढून आणून दारात उभा करण्याचा विचार तर आजच सोडा. पैसे घेणं तुमचं असलं तरी गुन्हा तुमच्यावर लागेल.

सोमवारी आधी बँकेत जा आणि ९ नोव्हेंबर २०२३ च्या चेकची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. तिथून तसेच यवतमाळला, प्राधिकरणाच्या कार्यालयात.