सर्व्हिस चार्ज परत हवाय? मग ईमेल बंद करा आणि कॅलेंडर बघा

नाशिकच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय, आणि असले प्रश्न इतके येतात की फक्त रेस्टॉरंट बदलतं, बाकी सगळं तेच. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, 17 फेब्रुवारी 2024 ला, पाच जण मुंबईत लोअर परळला एका नव्याकोऱ्या रेस्टॉरंटमध्ये जेवले. स्टार्टर गार, मेन कोर्स यायला तास, चिकन हाडापाशी कच्चं आणि बिल 14,322 रुपये. सर्व्हिस चार्ज काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणे कम्पल्सरी आहे सर, सिस्टिममधून निघत नाही. तेव्हापासून ईमेलाईमेली चालू आहे. आता डिसेंबर 2025 अर्धा संपल्यावर विचारतायत की पाच लाखांची केस टाकता येईल का आणि मुंबईला किती चकरा पडतील.

जेवण भिकार होतं हे मान्य, त्यावर मी काही बोलत नाही. तुमची सगळी केस एका तारखेवर अडकलीय. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 69 म्हणतं की कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे. कारण घडलं त्या रात्री, बिल भरलंत तेव्हा. म्हणजे 17 फेब्रुवारी 2026 च्या पुढे गेलात तर विषय संपला असं समजून चाला. तुम्ही लिहिलंय ‘आमचा पत्रव्यवहार चालू आहे त्यामुळे मुदतीचा प्रश्न नसावा’. अहो, असं कोणी सांगितलं तुम्हाला? समोरच्याने ‘मॅनेजमेंटकडे पाठवलंय, लवकरच कळवू’ असं दहा वेळा लिहिलं तरी मुदत थांबत नाही, आणि त्यांना हे पक्कं ठाऊक असतं म्हणूनच ते इतकं गोड लिहितात. उशीर माफ करायचा अधिकार ग्राहक आयोगाला आहे, पण त्याला सबळ कारण लागतं आणि ‘मी उत्तराची वाट बघत होतो’ हे कारण कितपत चालेल याची मला तरी शंका आहे.

त्यात दुःख हे की मुंबईच्या चकरांच्या भीतीने थांबलात आणि ती भीतीच खोटी होती. नव्या कायद्यात ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे तुमची केस नाशिकलाच. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील कम्पल्सरी नाही, व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला आजच फोन करा, कधीकधी तेवढ्यावरच पैसे परत येतात, पण तिथे तक्रार नंबर मिळाला म्हणजे केस दाखल झाली असं समजू नका, मुदत तिकडेही चालूच राहते.

आता बिल. तुम्ही टाईप करून पाठवलेले आकडे मी पुन्हा मांडून बघितले: खाणं 12,400, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज 1,240, आणि मग दोन्हीच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी 682. म्हणजे जो चार्ज मुळात ऐच्छिक असायला हवा त्याच्यावर तुम्ही 62 रुपये टॅक्सही भरलात. तुमचा ठोस आकडा हा, 1,302. यावर जोर द्या.

इथे एक अडचण आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि ती निघाली थेट 28 मार्च 2025 ला, जेव्हा कोर्टाने ती मार्गदर्शक तत्त्वं योग्य ठरवली. पावणेतीन वर्षं! तेवढ्या काळात देशभर किती टेबलांवर हा चार्ज उकळला गेला असेल कुणास ठाऊक. तुमचं जेवण नेमकं त्या स्थगितीच्या काळातलं, त्यामुळे त्यांचा वकील तिथेच बोट ठेवणार. आपलं उत्तर असं की स्थगिती मोकाट नव्हती, चार्ज द्यावा लागेल हे मेनूवर किंवा दर्शनी जागी लिहिलेलं असावं अशी अट होती. मेनूवर लिहिलं होतं का? आठवत नसेल तर त्या रात्रीचे सगळे फोटो झूम करून बघा, आईच्या मागे मेनू कार्ड दिसत असेल. लिहिलेलं नसेल तर तुमची बाजू बरीच बळकट, लिहिलेलं असेल तर आयोग काय करेल ते मी आज छातीठोक सांगत नाही, हायकोर्टाच्या त्या निकालाविरुद्ध अपीलही झालंय.

बाकीचं थोडक्यात. जास्त भाव लावला ही तक्रार होत नाही, मेनूवर भाव वाचूनच ऑर्डर दिलीत. पाण्याच्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेतले तेही सोडा, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2017 मध्ये रेस्टॉरंटच्या बाजूने निकाल दिलाय. कच्चं चिकन हा मुद्दा खरा आहे, पण ना फोटो, ना त्या रात्रीची लेखी तक्रार, ना डॉक्टरचा कागद, तर सिद्ध कशावर करणार? तो तक्रारीत जरूर लिहा, त्यावर केस उभी करू नका. पाच लाख विसरा. चार्ज, व्याज आणि त्रास-खर्चाचे काही हजार इतकंच मागा, आकडा फुगवला की बाकी तक्रारही फुगवलेली वाटते. कायद्यात अशा केसला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात किती तारखा पडतील ते विचारू नका.

रेस्टॉरंटने पाठवलेलं वीस टक्क्यांचं व्हाउचर वापरलं नसेल तर वापरू नका, उद्या म्हणतील प्रकरण मिटलं होतं. पंधरा दिवसांची एक नोटीस स्पीड पोस्टाने टाका, उत्तर येवो न येवो, जानेवारीत तक्रार दाखल झालीच पाहिजे. आणि बिलाचा कागद फेकून दिलात, फोटो मेहुण्याच्या फोनमध्ये आहे म्हणता. यूपीआयच्या स्टेटमेंटवर फक्त एकूण रक्कम दिसते, चार्जची ओळ फक्त त्या फोटोत आहे. मेहुण्यांना आजच फोन लावा, आणि स्क्रीनशॉट नको, मूळ फोटो मागा.