मेंदूतला 'आनंद', डब्यातला उंदीर आणि कोकेन: तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात एका उत्तराच्या शेपटाला मी सहज लिहून गेले होते की आपलं शरीर स्वतःच काही तेलकट रेणू बनवतं आणि उंदरांमध्ये ते कोकेनच्या व्यसनाला थोडासा लगाम घालताना दिसलेत. एवढीशी ओळ, पण या महिन्यातली निम्मी पत्रं तिच्यावरच आलीत, त्यामुळे डायबिटीसवाल्यांनी जरा थांबा, तुमचं पुढच्या अंकात.

प्रश्न (नाशिक): मॅडम, तेलकट रेणू म्हणजे नेमकं काय? मेंदूत कुठलं आलंय तेल? आणि त्याचा कोकेनशी संबंध कसा?

मेंदूत चरबी भरपूर असते हो. पाणी काढून टाकलं तर मेंदूचं निम्म्याहून जास्त वजन चरबीचंच भरतं. प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असतं ते याच चरबीचं, आणि मजा अशी की पेशीला शेजारच्या पेशीला काही कळवायचं असलं तर ती या आवरणाचाच एक तुकडा कापून त्याचा निरोप बनवते. डोपामिन (मेंदूतला 'हे भारी आहे' असा निरोप नेणारा रेणू) वगैरे मंडळी आधीच बनवून छोट्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवलेली असतात, हे रेणू तसे नाहीत, हे गरम फुलक्यासारखे, तव्यावरून थेट ताटात, आणि काम झालं की लगेच एक एन्झाइम येऊन त्यांचे तुकडे करून टाकतं.

हे सापडलं कसं ते सांगते. इस्रायलचे राफाएल मेशुलाम १९६४ मध्ये गांजातला नशेचा मुख्य घटक, टीएचसी, शोधून बसले होते. त्यासाठी लागणारं हशीश त्यांनी पोलिसांकडून घेतलं, चांगलं पाच किलो, आणि ते बॅगेत घालून चक्क बसने लॅबला आणलं, बसमधले लोक म्हणे वास कसला येतोय म्हणून बघत होते. पुढे १९८८ च्या सुमारास कळलं की मेंदूत टीएचसीला बसायला एक खास जागा, म्हणजे रिसेप्टर आहे. आता कुठल्याशा झाडासाठी मेंदू कुलूप करून ठेवेल कशाला? म्हणजे किल्ली आतलीच असणार. ती १९९२ मध्ये जेरुसलेमला मेशुलामांच्या लॅबमध्ये डिव्हेन आणि हानुश या दोघांनी डुकराच्या मेंदूतून वेगळी काढली आणि नाव ठेवलं आनंदामाईड. हो, आपल्या संस्कृतमधला 'आनंद'च.

मग भावंडं सापडत गेली. १९९५ मध्ये टू-एजी नावाचा दुसरा रेणू आला. आणखी दोन चुलत भावंडं आहेत ज्यांना आपण ओईए आणि पीईए म्हणू (पूर्ण नावं वाचून तुम्ही पान उलटाल), ती बनतात आनंदामाईडसारखीच, त्यांना तोडणारं मुख्य एन्झाइमही तेच, त्याला फा म्हणतात, पण ती गांजाच्या कुलपात बसत नाहीत, त्यांची दारं वेगळी.

आता कोकेन. डोपामिनचं काम झालं की ते परत आत ओढून घेणारा एक पंप असतो, कोकेन त्या पंपात बोळा घालतं, डोपामिन बाहेरच साचत राहतं आणि मेंदूला वाटतं की जे चाललंय ते फार भारी चाललंय, लक्षात ठेवा. एवढंच असतं तर सोपं होतं. पण २०१५ मध्ये उंदीरवर्गीय प्राण्यांत दिसलं की डोपामिन बनवणाऱ्या पेशींजवळ कोकेन टू-एजीसुद्धा सोडायला लावतं, आणि तो टू-एजी त्या पेशींना गप्प ठेवणाऱ्या चौकीदार पेशींनाच झोपवतो. म्हणजे आपल्याच घरातला रेणू, आणि चोराला कडी उघडून देतोय.

उलट बाजूही आहे. फ्रान्समधल्या बोर्दोच्या एका टीमने २००४ मध्ये दाखवलं की मेंदूतल्या बक्षिसाच्या केंद्रात हेच रेणू काही जोडण्यांचा आवाज कमी करायचं काम करतात, आणि उंदराला कोकेनचा फक्त एक डोस दिला की हा आवाज कमी करायचा प्रकारच तिथून गायब होतो. एक डोस! मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचावं लागलं होतं. त्यामुळे हे रेणू चांगले की वाईट असं विचारू नका, कुठल्या पेशीत आणि कुठल्या वेळेला ते विचारा.

प्रश्न (कोल्हापूर, बीफार्म थर्ड इयर): उंदीर काय सांगतो का मला तलफ आलीय म्हणून? मग त्याला व्यसन लागलं हे ठरवतात कसं?

भारी प्रश्न, आणि हा मला जवळचा आहे कारण एमडीला असताना मी स्वतः महिनोन्महिने ॲनिमल हाऊसमध्ये स्टॉपवॉच घेऊन बसलेय, कोकेन नव्हे, मॉर्फिन होतं, पण डबा तोच.

डबा म्हणजे दोन खोल्यांची पेटी, मध्ये वर सरकणारं दार. एका खोलीच्या भिंतींवर काळेपांढरे पट्टे आणि खाली जाळीची फरशी, दुसरी साधी, गुळगुळीत. काही दिवस उंदराला औषधाचं इंजेक्शन देऊन पट्ट्याच्या खोलीत ठेवायचं, आणि नुसत्या सलाईनचं इंजेक्शन देऊन साध्या खोलीत. मग परीक्षेच्या दिवशी काहीच द्यायचं नाही, दार उघडं ठेवायचं आणि पंधरा मिनिटं बघायचं तो कुठे जाऊन बसतो. आधी दोन्हीकडे हुंगतो, मधल्या उंबऱ्यावर मागच्या पायांवर उभा राहतो, आणि मग हळूच पट्ट्यांच्या खोलीत जाऊन कोपऱ्यात मिशा साफ करत बसतो, जणू तिथेच काहीतरी मिळणार आहे. प्रत्येक उंदरानंतर पेटी स्पिरिटने पुसायची, कारण आधीच्याच्या मुताचा वास राहिला तर पुढचा भलतीकडेच जातो. एकदा मी घाईत एक खोली पुसायची विसरले आणि दिवसभराचा डेटा फेकून द्यावा लागला, सर काही बोलले नाहीत, फक्त बघितलं.

दुसरी पद्धत सेन्सिटायझेशनची. रोज तेवढंच कोकेन दिलं तरी उंदीर दिवसागणिक जास्त जास्त पळायला लागतो, मेंदू त्या औषधाला चटावत चाललाय याची ही खूण. तिसरी सगळ्यात खरी आणि सगळ्यात किचकट, मोठ्या उंदराच्या शिरेत बारीक नळी बसवतात, पेटीत एक दांडी असते, दाबली की लाईट लागते आणि कोकेन शिरेत जातं, तो स्वतःच घेतो. मग कोकेन बंद करतात, हळूहळू तो दाबणं सोडून देतो, आणि काही दिवसांनी नुसती लाईट लावली किंवा थोडंसं कोकेन टोचलं तर परत दांडीवर तुटून पडतो का बघतात. पडला तर ते रिलॅप्स.

आता आपले रेणू यात काय करतात? स्पेनमधल्या मालागाच्या मंडळींचा समावेश असलेलं ओईएवरचं काम २०१३ मध्ये छापून आलं. ओईए टोचलं की कोकेनने उंदराची जी पळापळ होते ती कमी झाली, चटावणंही कमी झालं. पण थांब, लगेच नोट्समध्ये उतरवू नकोस. ओईए दिल्यावर कोकेन न दिलेला उंदीरही कमीच हिंडत होता. म्हणजे चटक कमी झाली की नुसताच मरगळला, हा प्रश्न उरतोच की नाही? आणि दुसरी गंमत, ओईएचं नेहमीचं दार म्हणजे पीपार-अल्फा नावाचा रिसेप्टर, तो जन्मतःच नसलेले उंदीर घेतले तरी ओईएचा परिणाम दिसलाच, जरा कमी दिसला एवढंच, आणि त्या उंदरांना कोकेनची खोली इतरांइतकीच आवडत होती. म्हणजे मुख्य दार भलतंच असणार. मला हा पेपर आवडतो तो यासाठीच, स्वतःच्याच अंदाजाला खोटं पाडलं आणि शीर्षकातच तसं लिहिलं.

पीईएचं तसंच काम २०१८ मध्ये आलं, त्यात चटावणं आणि खोलीची ओढ दोन्ही कमी झाली.

दांडीवाल्या प्रयोगाचं उत्तर मात्र वेगळंच येतं. २००९ च्या पोलंडमधल्या कामात फा एन्झाइम बंद करणारी औषधं दिली, म्हणजे आनंदामाईड, ओईए, पीईए सगळेच वाढले, तर कोकेन मिळत होतं तोपर्यंत उंदीर आधीइतकीच दांडी दाबत राहिले, फरक पडला तो नंतर, सुटल्यावर परत वळण्यात. माकडांवरही २००८ मध्ये असंच एक औषध वापरलं, कोकेन घेणं कमी झालं नाही. व्हायव्हाला विचारलं तर हे सांग: चालू असलेलं घेणं थांबत नाही, सुटलेल्याचं परत लागणं थोडं कमी होतं. आणि माणसाचं म्हणशील तर खरी मारामारी परत लागण्याशीच असते, म्हणून लोक अजून यामागे आहेत.

प्रश्न (पुणे): ओईए हे ओलेइक ॲसिडपासून बनतं असं वाचलं. ते तर ऑलिव्ह ऑईलमध्ये आणि शेंगदाणा तेलातही असतं. मग आहारातून हे वाढवता येईल का?

वाचन पक्कं आहे तुमचं. तेलकट जेवण छोट्या आतड्यात गेलं की तिथल्या पेशी त्यातलं ओलेइक ॲसिड वापरून ओईए बनवतात आणि मेंदूला निरोप जातो, बास, पोट भरलं. ओईएने उंदरांची भूक मंदावते हे २००१ मध्ये दाखवलं गेलं, जेवणातल्या तेलाशी असलेला हा संबंध २००८ मध्ये. पीईए तर १९५७ मध्ये अंड्याचा बलक, सोयाबीन आणि शेंगदाणा यांतूनच वेगळं काढलं होतं. पण प्रयोगातलं ओईए शुद्ध, मोजून, सुईने पोटात दिलेलं असतं. आपण भाजीत तेल वाढवलं तर वाढेल ते वजन. शेंगदाण्याचं कूट खा, छान लागतं म्हणून खा.

प्रश्न (नाव-गाव नको): गांजाचं कुलूप आणि आनंदामाईडचं कुलूप एकच, मग गांजा ओढून कोकेन सुटेल ना? मित्र म्हणतो नॅचरल आहे.

नाही. मित्राला सांगा की नेमकं हेच करून बघितलंय. ॲम्स्टरडॅममध्ये २००१ मध्ये मोठे उंदीर घेतले, कोकेन सोडून बरेच दिवस झालेले, दांडी विसरलेले, आणि त्यांना गांजासारखं काम करणारं एक जोरदार औषध दिलं. परत दांडीवर! आणि उलट, ते कुलूप बंद करणारं औषध दिलं तर कोकेनच्या आठवणीने किंवा थोड्याशा कोकेनने होणारा रिलॅप्स कमी झाला, ताणामुळे होणारा मात्र नाही झाला. आनंदामाईड लागेल तिथे, लागेल तेवढंच बनतं आणि पटकन मोडतं, टीएचसी मेंदूभर पसरतं आणि तासन्‌तास बसून राहतं, कुलूप एक असलं तरी हा फरक साधा नाही.

मग कुलूप बंद करणारंच औषध द्या की, असं तुम्ही म्हणाल. होतं ना ते, रिमोनाबँट, युरोपात २००६ मध्ये वजन कमी करायला बाजारात आलं, आणि लोकांना डिप्रेशन आणि आत्महत्येचे विचार यायला लागल्यावर २००८ मध्ये काढून घ्यावं लागलं. आपल्याकडेही नंतर बंदी आली. आनंदाचं कुलूप सगळीकडे एकदम बंद केलं तर दुसरं काय होणार.

प्रश्न (पणजी): ताई, धाकट्या भावाला दोन वर्षांपासून कोकेनची सवय आहे, घरी आईला माहीत नाही. ऑनलाईन पीईएच्या कॅप्सूल मिळतात, मी मागवल्यात. देऊ का?

या कारणासाठी नका देऊ. पीईएचं कोकेनवरचं जे काम मी वर सांगितलं ते उंदरांवरचं आहे, आणि त्या उंदरांना कोकेन मिळून काही दिवस झाले होते, तुमच्या भावाला दोन वर्षं झालीत, त्याच्या मागे मित्र आहेत, पैसे आहेत, फोनमध्ये नंबर आहे. उंदरात चाललेलं माणसात चालेलच असं नसतं. उदाहरण म्हणून गांजातलाच सीबीडी नावाचा दुसरा घटक बघा, २०१८ मध्ये मोठ्या उंदरांत त्याचा परिणाम औषध थांबवल्यावरही पाच महिने टिकलेला दिसला होता, आणि माँट्रियलला ७८ माणसांवर रोज ८०० मिलिग्रॅम देऊन बघितलं तर तलफही कमी झाली नाही आणि रिलॅप्सही.

शरीरातलाच रेणू वाढवतोय म्हणजे सेफ, हेही धरून चालू नका. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात फा बंद करणाऱ्या एका नव्या औषधाची धडधाकट लोकांवर चाचणी चालू होती, सहा जण हॉस्पिटलात गेले, त्यातला एक गेला. अशी इतर औषधं माणसांना देऊन असं काही झालं नव्हतं, त्यामुळे दोष त्या एका औषधाचाच मानतात, पण गेलेला माणूस तर गेला ना. पीईएची कॅप्सूल म्हणजे ते औषध नाही, घाबरवत नाहीये, फक्त ती घेतोय म्हणजे उपचार चालू आहेत असं वाटून तुमचे आणखी सहा महिने जातील, मला भीती त्याची आहे.

कोकेनच्या व्यसनावर आज मान्यता मिळालेलं एकही औषध नाही, हे सरळ सांगते. चालतं ते समुपदेशन, आणि सगळ्यात चांगला पुरावा आहे तो लघवीची तपासणी क्लीन आली की ठरलेलं छोटं बक्षीस देण्याच्या पद्धतीचा, ऐकायला पोरकट वाटतं पण खरं आहे. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, आधी तुम्ही एकट्या फोन करा, भाऊ तयार नसला तरी चालेल, जवळचं केंद्र कुठलं आणि त्याच्याशी बोलायचं कसं ते तिथे विचारा. आईला कधी सांगायचं तेही समुपदेशकाशी बोलून ठरवा, रात्री भांडणात सांगू नका.

आणि त्याच्या छातीत दुखलं, हात जड पडला किंवा फिट आली तर थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना कोकेनचं नाव घेऊन सांगा, लपवू नका, कारण हार्टची काही नेहमीची औषधं कोकेन घेतलेल्याला जपून द्यावी लागतात. कॅप्सूलची ऑर्डर अजून रिटर्न होत असेल तर आजच करून टाका.