वाचक विचारतात : ‘नटसम्राट’ पडद्यावर जोखताना

प्रश्न : माझ्या सासऱ्यांनी ‘नटसम्राट’ हे नाटक तरुणपणी रंगमंचावर पाहिले आहे, तर माझ्या मुलीने फक्त चित्रपट पाहिला आहे. सासरे म्हणतात की चित्रपटाने नाटकाची मोडतोड केली, मुलांची नावे बदलली आणि मुळात नसलेले रामभाऊ हे पात्र घुसडले. मुलगी म्हणते की आपण चित्रपट पाहून ढसाढसा रडलो, त्याअर्थी तो उत्तमच आहे. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला याच विषयावर बोलायचे आहे. दोघांपैकी कोणाचे माप खरे धरावे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : दोघांचीही मापे मनापासूनची आहेत, पण शोकांतिकेला ती पुरत नाहीत. सासऱ्यांचे माप नाटकातले किती राहिले हे मोजते आणि मुलीचे माप डोळ्यांतले पाणी मोजते. ‘नटसम्राट’ची बीजकल्पना शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ या नाटकातून आली आहे. त्याच नाटकावर जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी १९८५ मध्ये केलेल्या ‘रान’ या चित्रपटात मूळचे काव्य जवळजवळ नाहीच, तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आहेत आणि कथा जपानी सरदारांच्या काळात घडते, तरीही ती ‘लिअर’चीच शोकांतिका आहे याविषयी पाहणाऱ्याला शंका राहत नाही. उलट, शब्द न् शब्द राखूनही शोकांतिकेचा प्राण हरवू शकतो. रडण्याचे म्हणाल, तर म्हाताऱ्या आईबापांचे हाल दाखवले की आपण रडतोच, कारण आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात किंवा मनात एक म्हातारे माणूस बसलेले असते.

माझ्या मते पहिला प्रश्न हा विचारावा : नायकाचा पाय त्याच्याच करणीने घसरतो, हे चित्रपटाने राखले आहे का? वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकात निवृत्त नट गणपतराव बेलवलकर यांना कोणी लुबाडत नाही. ते स्वतःच्या हाताने, भरल्या मनाने, जवळचे सगळे मुलांना वाटून टाकतात. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, हे त्यांची पत्नी कावेरी सांगत असते आणि ते तिचे ऐकत नाहीत. त्यांच्या औदार्यात नटाचा दिमाखही आहे. टाळ्या घेऊन बाहेर पडण्याची सवय लागलेल्या माणसाने संसारातूनही तशाच टाळ्या घेऊन बाहेर पडायचे ठरवले आहे. पुढच्या सगळ्या दुःखाचे बी या एका कृतीत आहे. चित्रपटाने जर मुलगा, सून, मुलगी आणि जावई यांना सुरुवातीपासूनच दुष्ट रंगवले, तर दोष त्यांच्या माथी जातो, नायक निव्वळ बिचारा उरतो आणि शोकांतिकेचे करुण कौटुंबिक नाट्य होते. कुरोसावांनी हे नेमके ओळखले होते. त्यांनी आपल्या म्हाताऱ्या सरदाराला रक्तपाताचा भूतकाळ दिला, त्यामुळे त्याच्यावर कोसळणारे संकट त्यानेच पेरलेले ठरते.

या कसोटीवर महेश मांजरेकर यांचा चित्रपट, जो १ जानेवारी २०१६ रोजी प्रदर्शित झाला, मला अर्धा उतरलेला वाटतो. नाना पाटेकरांचा गणपतराव फटकळ आहे, हट्टी आहे, पितो, आणि दुसऱ्याच्या घरात राहतानाही आपला आवाज खाली आणायला तयार नाही. म्हणजे स्वभावाचा दोष शाबूत आहे आणि ही मोठी जमेची बाजू आहे. परंतु वाटणीचा प्रसंग तेथे फार लवकर उरकतो, आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो तेव्हा पार्श्वसंगीत आपल्याला कोणाची बाजू घ्यायची ते आधीच सांगून मोकळे होते. शिरवाडकरांची मुले दुष्ट नाहीत, ती सोयीने जगणारी माणसे आहेत. आपल्या नात्यागोत्यात आपण अशी पुष्कळ पाहतो, म्हणून तर नाटक बोचते.

दुसरा प्रश्न स्वगताचा आहे, आणि तो मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागारात गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक प्रथम सादर केले. तेव्हा डॉ. श्रीराम लागू गणपतराव होते आणि सत्काराला उत्तर देणारा तो वृद्ध नट थेट समोरच्या प्रेक्षागृहाशी बोलत होता. नाटकाला आलेले लोकच सत्काराला आलेले लोक ठरत होते, एकाही जादा नटाची गरज नव्हती. हे मी कालिदास कलामंदिरात, पुढे दुसऱ्या एका नटाच्या प्रयोगाला, शेवटून दुसऱ्या रांगेत बसून अनुभवले आहे. तेथून गणपतराव करंगळीएवढे दिसत होते, त्यांच्या चेहऱ्यावरची एकही रेषा मला दिसत नव्हती, आणि तरीही घर मागणाऱ्या स्वगतात ते एका शब्दापाशी श्वास घ्यायला थांबले तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले, ते मला अजून आठवते. कॅमेऱ्याला हे अंतर मिळत नाही. तो नटाच्या नाकपुडीपर्यंत जातो, ओठांची थरथर दाखवतो, आणि मग एवढे भरजरी, लयबद्ध बोलणे त्या जवळिकीत मोठे वाटू लागते. पडद्यावरचा माणूस नेमके कोणाशी बोलतो आहे, हा प्रश्न दिग्दर्शकाला सोडवावाच लागतो.

येथे मी आपल्या सासऱ्यांशी आदरपूर्वक असहमत आहे. रामभाऊ हे पात्र नाटकात नाही हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. पण चित्रपटाने केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच आहे. विक्रम गोखले यांचे रामभाऊ गणपतरावांचे जुने सहकारी आहेत, स्वतः नट आहेत, आणि म्हणून गणपतरावांचे बोलणे ऐकण्याचा व त्यांना तोंडावर खरे सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. रामभाऊ रुग्णालयात अंथरुणाला खिळलेले असताना दोघे कर्ण आणि कृष्ण होऊन संवाद म्हणू लागतात, तो प्रसंग पुन्हा पाहा. रंगमंचावर जे काम अंधारातले प्रेक्षागृह करीत होते, ते येथे एक आजारी मित्र करतो. कोणाशी बोलायचे याचे उत्तर मिळाल्यामुळे शब्द मोठे वाटत नाहीत.

सासऱ्यांची एक तक्रार मात्र मी माझ्याकडून वाढवून देतो. शेक्सपिअरच्या लिअरला राणी नाही, ती कथा सुरू होण्याआधीच गेलेली आहे. शिरवाडकरांनी आपल्या नटसम्राटाला कावेरी दिली, त्याने तिला ‘सरकार’ म्हणावे असे लिहिले, आणि एका राजाच्या शोकांतिकेची एका जोडप्याची शोकांतिका केली. हा त्यांचा सर्वांत मोठा बदल आहे. चित्रपटात मित्राची जागा वाढली तशी कावेरीची जागा आक्रसली, असे मला दर वेळी वाटते. आपल्या गटात बोलताना हा मुद्दा अवश्य घ्यावा.

प्रश्न : मूळ नाटकात फेरफार करण्याचा अधिकार चित्रपटवाल्यांना कोणी दिला?
— एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

उत्तर : निदान या नाटकाच्या बाबतीत तो लेखकाच्या उदाहरणातूनच मिळतो. ‘लिअर’ची बीजकल्पना घेऊन शिरवाडकरांनी राज्याच्या जागी रंगभूमी आणली, राजाच्या जागी निवृत्त नट आणला. आपल्या नाशिकच्या या लेखकाला चित्रपटाचे माध्यमही परके नव्हते. तरुणपणी त्यांनी ‘सती सुलोचना’ या चित्रपटाची पटकथा लिहिली होती आणि त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली होती. बदललेल्या वस्तूने मूळ वस्तूचे काम करावे, एवढीच अपेक्षा ठेवावी. शेक्सपिअरच्याच ‘ऑथेल्लो’ नाटकातला हातरुमाल ‘ओंकारा’ या हिंदी चित्रपटात कमरपट्टा झाला आणि संशयाची गाठ तशीच बसली.

प्रश्न : आधी नाटक वाचावे की आधी चित्रपट पाहावा?
— एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : आपल्याला प्रयोग पाहायला मिळत असेल तर आधी तोच पाहावा, आणि शक्यतो मागच्या रांगेतून. नसेल तर पहिला अंक मोठ्याने वाचावा, एकटीने वाचले तरी चालेल, पण मोठ्याने. वाटणीच्या प्रसंगात कावेरी जेथे जेथे बोलते किंवा बोलायची थांबते, तेथे पेन्सिलीने बारीक खूण करावी. मग चित्रपट लावावा आणि त्या प्रसंगी नानांकडे न पाहता तिच्याकडे पाहावे.