पुलपिटवर मी कशी उभी राहू?

"ताई, मी उपदेश केला तर देवाच्या विरुद्ध जाईल का?"

नगरला, पुण्याला, क्वचित परदेशातून फोनवरही हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय, की बाई पर्समधून बायबल काढू लागली की पुढचं मला समजतं. बहुधा ती शिक्षिका किंवा नर्स असते. महिला संघात वर्षानुवर्षं शास्त्रभाग समजावून सांगत असते, घरोघरच्या प्रार्थनासभा चालवत असते. त्याबद्दल कुणाची कधी हरकत नसते. मग एक दिवस पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात, या रविवारी उपासनेत पुलपिटवरून, म्हणजे व्यासपीठावरून, उपदेश तुम्ही करा. आणि झोप उडते.

अशाच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. अनेक भेटींतलं नेमकं तेवढंच सांगते.

ती प्राथमिक शाळेत शिकवायची. सासरे चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीचे जुने सभासद, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्यांच्या शब्दाला वजन. तिनं बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांतली दोन वचनं खुणा घालून आणली होती. पहिलं तीमथ्य २:१२, स्त्रीने शिकवू नये. पहिलं करिंथ १४:३४, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं.

मी समुपदेशक आहे, पाळक नाही. वचनाचा अर्थ लावून देणं माझं काम नाही, आणि तो मोह मी टाळते. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? "करिंथकरांच्या याच पत्रात अकराव्या अध्यायात पौल काय म्हणतो?" तिनं पानं उलटली. स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक झाकावं, असं तिथे आहे. गप्पच बसायचं असेल तर मस्तक झाकून संदेश द्यायचा कधी? रोमकरांच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी भेटली. प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोससारख्या विद्वानाला घरी नेऊन मार्ग समजावणारी प्रिस्किल्ला भेटली, नवऱ्याच्या जोडीनं. हे सगळं तिनं आधी वाचलेलंच होतं. महिला संघात तिनं प्रिस्किल्लेवर बोलूनही झालं होतं!

म्हणजे तिला माहिती कमी पडत नव्हती. इथे अनेक समुपदेशक आणि जवळजवळ सगळे नातेवाईक चुकतात. घाबरलेल्या माणसावर ते आणखी वचनांचा मारा करतात. माझी शिकवण वेगळी आहे. झोप घटनेमुळे उडत नाही, त्या घटनेबद्दल आपण स्वतःशी जे वाक्य बोलतो त्यामुळे उडते. ते वाक्य सापडेपर्यंत घाई करायची नाही.

एका दुपारी मी सहज विचारलं, "हे तीमथ्याचं वचन तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं?"

"आजीनं. बायबलबाई होती ती, खेड्यापाड्यांत पायी फिरून बायबल सांगायची. संडेस्कूल तीच घ्यायची. पहिलं तीमथ्य अख्खं पाठ करून घेतलं होतं आमच्याकडून."

"वर्गात मुलगेही होते?"

"होते की. आत्ताच्या कमिटीतले दोघं तिच्याच हाताखालून..." ती थांबली.

"म्हणजे बाईनं पुरुषाला शिकवू नये, हे त्यांना..."

"बाईनंच शिकवलं!"

ती इतकी हसली की बाहेर बसलेल्यांनी दाराकडे पाहिलं असेल. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग बऱ्याच वेळानं, पदरानं तोंड पुसत, ती म्हणाली, "ताई, मला देवाची भीती नाही वाटत. पप्पांची वाटते." पप्पा म्हणजे तिचे सासरे.

मला याचा अंदाज बराच आधी आला होता. मनात आणलं असतं तर ते वाक्य मीच तिच्या तोंडी घातलं असतं, आणि तिनं मान हलवून 'हो ना' म्हटलं असतं. मी थांबले, याचं समाधान मला आजही वाटतं. समुपदेशकानं उच्चारलेलं सत्य घरी पोहोचेपर्यंत उडून जातं.

त्या दिवसापासून मी असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकीबरोबर डाळ-तांदूळ निवडावेत तसं आधी निवडून घेते. शास्त्राचा प्रश्न एका बाजूला, माणसांचा दुसऱ्या बाजूला. शास्त्राच्या प्रश्नासाठी पाळकसाहेब आहेत, अभ्यास आहे, प्रार्थना आहे. सासरे रागावतील, जाऊ टोमणे मारेल, लोक 'फार शहाणी' म्हणतील, ही भीती मात्र कितीही वचनं वाचून जात नाही. तिच्याशी वेगळं बोलावं लागतं. रागावले तर नक्की काय होईल? ते तुम्हाला सोसवेल का? बहुतेकींचं उत्तर असतं, "सोसवेल, पण आवडणार नाही." एवढं पुरतं.

तिनं सासऱ्यांना स्वतः जाऊन सांगितलं, बाहेरून कळण्याआधी. हे मी सगळ्यांनाच सुचवते, कारण तिसऱ्याकडून कळलेली गोष्ट अपमानासारखी लागते. ते म्हणाले, "मंडळी काय म्हणेल?" पौल काय म्हणतो हे त्यांनी विचारलं नाही. तिच्या ते लगेच लक्षात आलं.

आता काही जणी विचारतील, तुमचं मत काय? मत आहे, लपवत नाही. १८८० च्या दशकात पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला होत्या, तेव्हा त्यांनी पुरुषांना शिकवण्याला बिशपांनी हरकत घेतली होती. भारतात पुरुषांच्या भरल्या सभा गाजवून आलेल्या बाईंना ते पटलं नाही. पुढे १९०५ च्या धार्मिक जागृतीनंतर रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या मुली टोळ्या करून गावोगाव शुभवर्तमान सांगायला निघाल्या. मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी, १८८२ साली मुंबईत उतरली, तिच्यात स्त्रियांना उपदेशाचा हक्क आधीपासूनच होता. चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ साली एक स्त्री बिशप झाली, आणि आपल्या सीएनआयमध्येही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. बायकांनी बोललं म्हणून मराठी मंडळीचं वाकडं झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पण माझं मत तुमच्यावर लादणं हीसुद्धा एक सासुरवाडीच झाली. एक बाई सगळा अभ्यास करून म्हणाली, "माझं मन साक्ष देत नाही, मी उपदेश करणार नाही." आवाज शांत होता, झोप लागत होती. मी तिला थोपवलं नाही. भीतीतून आलेला नकार आणि विश्वासातून आलेला नकार कानाला वेगळे लागतात. वसईची एक कॅथलिक तरुणी आली, तिचं प्रकरण आणखी निराळं. मिस्सेतलं, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतलं, प्रवचन त्यांच्या कायद्यानं धर्मगुरू किंवा डीकननंच (धर्मगुरूच्या खालचा दीक्षित सेवक) द्यायचं असतं. तिथे एकटीच्या धीराचा प्रश्नच येत नाही, आणि 'मीच भित्री' असं ती स्वतःला कोसत होती ते आधी थांबवावं लागलं. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी शास्त्रवाचकाची रीतसर सेवा स्त्रियांना खुली केली. तिनं तिथून सुरुवात केली.

नवऱ्यांसाठी एकच सूचना. बायको उपदेशाची तयारी करत असेल तेव्हा 'जपून बोल' म्हणू नका. पोरांना बाहेर घेऊन जा.

आमच्या शिक्षिकेनं योहानाच्या विसाव्या अध्यायावर उपदेश केला. उठलेल्या प्रभूची बातमी शिष्यांना सांगायला निघालेली मरीया मग्दालीया. पाय लटपटले, म्हणाली, पण पहिल्या पाच मिनिटांपुरतेच. दोन माणसं उठून गेली. आता वर्षातून काही रविवार तिच्याकडे असतात. त्या रविवारी सासरे दुसऱ्या चर्चला जातात. जेवायला बसले की मात्र विचारतात, "आज कुठला शास्त्रभाग घेतला होतास?" आणि ती सांगू लागली की मध्येच तिच्या चुका काढतात.