वाट विचारताना: राकसकोप, वैजनाथ आणि आठ माणसं

प्रश्न : बाई, नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठजण डोंगरात जायचं म्हणतोय. मी, मिसेस, भाऊ-भावजय, आई (वय 64), आमची दोन मुलं (9 आणि 13) आणि शेजारचा एक मुलगा. रान हवं, चढ हवा, पाणीही हवं. सकाळी राकसकोप, मग वैजनाथ, महिपाळगड आणि परतताना तिलारी, असा बेत आहे. जमेल ना?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : जमेल की, गाडीतनं उतरला नाहीत तर. चालायचं असेल तर आधी तिलारी खोडा, त्याला वेगळा दिवस लागतो. मग राकसकोपचं धरणही खोडा. रागावू नका, पाणी तुम्हाला दिसणार आहे, आणि जास्त चांगलं दिसणार आहे. वैजनाथच्या डोंगरावरून मार्कंडेय नदीचं ते अडवलेलं पाणी रानाच्या कुशीत पसरलेलं दिसतं. बेळगावच्या नळाला येतं तेच हे पाणी. डोंगर चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात, आणि धरण बेळगाव तालुक्यात. आपल्याकडं सगळं असंच वाटून घेतलेलं.

तर बेत असा ठेवा. शिनोळीवरून देवरवाडीला सकाळी सातला पोचायचं. वैजनाथच्या देवळापर्यंत डांबरी रस्ता जातो, गाड्याही जातात, पण तुम्ही गाडी गावातच लावा. चढावर सगळ्यांत पुढं आईंना ठेवा. पोरं मागं कुरकुरतील, कुरकुरू देत. आई मागं राहिल्या की पुढचे थांबतात, आई धापा टाकत तिथवर येतात आणि त्या पोचल्या रे पोचल्या की बाकीचे उठून चालायला लागतात. विश्रांती सगळ्यांना मिळते, फक्त जिला हवी तिलाच नाही. पंचवीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या, हे दर सहलीला बघितलंय.

देवळात टेका, न्याहारी करा, पाणी डोळे भरून बघा. मग अंगात असेल तर महिपाळगड. गडावर नांदतं गाव आहे आणि खडकात खोदलेली खोल विहीर आहे. पोरांना ती दाखवाच, हात धरून. पण दुपारी एक वाजला की कुठंही असा, गड झाला असो नसो, तोंड गावाकडं फिरवायचं. नोव्हेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि झाडीत त्याआधीच अंधारतं. वेळ घरीच ठरवा. वर गेल्यावर ठरवायला बसलात तर भाऊ म्हणणार, “अजून थोडं.”

आता पाण्याचा हिशेब. मोठी पाच माणसं, दोन-दोन लिटर. पोरं तीन, दीड-दीड. झाले साडेचौदा लिटर, म्हणजे साडेचौदा किलो. ते कोण उचलणार हे आदल्या रात्री नावानिशी ठरवा, नाहीतर सगळं तुमच्याच पाठीवर येईल. जेवणाला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आणि उकडलेली रताळी विसरू नका. आपल्या पश्चिम भागातली ताजी रताळी त्या दिवसांत बाजारात असतात. सांडत नाहीत, आंबत नाहीत, पोट भरतं.

एक मात्र करू नका. 1998 साली आम्ही सहा शिक्षक त्याच डोंगरावर होतो. पाणी इतकं चकाकत होतं, इतकं जवळ वाटत होतं, की एक मास्तर म्हणाले, “सरळ उतरू, अर्ध्या तासात पाय बुडवू.” उतरलो. आधी कारवी, मग करवंदीच्या जाळ्या. तास झाला तरी पाणी तेवढंच लांब, आणि मागं बघितलं तर आलो ती वाट मिटलेली. माझा पदर काट्यात अडकला, तो सोडवायला दोघीजणी लागल्या. शेवटी शेळ्यांमागचा एक म्हातारा दिसला. “बाई, तकडं वाट न्हाई. गवं बसल्यात. माझ्या मागनं या.” गावात आलो तेव्हा दिवे लागले होते. मास्तर त्या रात्री कुणाशी बोलले नाहीत.

गवा खरंच दिसला तर फोटोसाठी पुढं सरू नका. त्याच्याकडं नजर ठेवून हळू मागं या, पोरांना मधे घ्या. फोनला रेंज जात-येत असते, म्हणून किती वाजता परतणार ते घरी सांगून निघा. मदतीचा 112 नंबर दोन्ही राज्यांत चालतो.

प्रश्न : ट्रेकसाठी नवीन बूट घेतलेत. चालतील ना?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : आठवडाभर आधी ते घालून भाजी आणायला जा. चावायचे असतील तर तिथंच चावू देत. आणि उतरणीला बोटं पुढं दाबली जातात, पायाची नखं कापून जा.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या पाच मैत्रिणी वाटाड्या न घेता भीमगडच्या जंगलात जाऊ शकतो का? इन्स्टावर खूप जण जातात.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. ते अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी लागते आणि रस्ता ओळखणारं माणूस लागतं. त्या रानात अस्वलं आहेत. खानापूर तालुक्यातल्या असून तुम्हाला हे मी सांगावं? म्हादई त्याच रानात उगम पावते आणि तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी. गुहेत कुणी बॅटरी मारत शिरलं की ती बिथरतात. तुम्ही खानापूरच्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन कुठल्या वाटेला परवानगी मिळते ते विचारा. तोवर कणकुंबीला जा. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, एसटी जाते, आणि घरच्यांनाही खरं सांगून जाता येईल.